पदार्पणाआधी द्यायचा शब्द

प्रति,
निवड समितीचे सन्माननीय सदस्य,
छत्तीसगढ स्टेट क्रिकेट संघ, रायपूर



नव्या मुलाला अंतिम अकरात कधी उतरवायचे, हा आपल्या कामातला सर्वांत अवघड निर्णय असणार. दहा हंगाम खेळलेल्या फलंदाजाची निवड करताना आपल्या हाती त्याच्या धावा असतात, सरासरी असते, कोणत्या खेळपट्टीवर तो कसा खेळतो याची माहिती असते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाबाबत हाती असतो तो १९ वर्षांखालील स्पर्धेतला एक चांगला हंगाम, नेटमधली चार-दोन सत्रे आणि आपली नजर. एवढ्या भांडवलावर आपण एका मुलाचे आयुष्य वळवता. म्हणूनच हे पत्र तक्रारीचे नाही. नव्या हंगामाचा संघ ठरवण्याआधी आपण एका गोष्टीचा विचार करावा, एवढ्यासाठी ते लिहिले आहे.

मी रायपूरजवळच्या बीरगांवचा. आमच्यासारखी मराठी कुटुंबे विदर्भातून इकडे आली आणि इथलीच झाली. उरला-सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न आणि रोलिंग मिलच्या परिसरात आमची वस्ती आहे. रविवारी कारखान्यांच्या मागच्या मोकळ्या जागांवर सकाळपासून सामने लागतात. रात्रपाळी करून आलेला बाप बाजूला उभा राहून पोराची एखादी ओव्हर बघतो आणि झोपायला घरी जातो. या मुलांपैकी एखादाच टेनिस बॉल सोडून लेदर बॉलपर्यंत पोचतो आणि त्यातला क्वचित कुणी जिल्ह्याच्या संघापर्यंत. तिथून राज्याच्या संघाकडे जाणारी वाट आपल्या टेबलावरून जाते. मराठीत लिहितो, कारण ज्या खेळाडूंच्या उदाहरणांवर माझे म्हणणे उभे आहे, त्यांच्याबद्दल आमच्या घरात याच भाषेत वर्षानुवर्षे बोलले गेले आहे.

नवख्याच्या प्रश्नावर क्रिकेटमध्ये दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, गुणवत्ता दिसली की उतरवा, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. दुसरा म्हणतो, घाई करू नका, आणखी एक-दोन हंगाम तयार होऊ द्या. दोघांकडेही उदाहरणांची कमतरता नाही, म्हणून हा वाद कधी संपतच नाही. मला मात्र वाटते की दोघेही मुलाच्या तयारीबद्दल बोलतात आणि संघाच्या तयारीबद्दल कुणीच विचारत नाही. मुलगा पहिल्या तीन डावांत अपयशी ठरला तर आपण काय करणार, हे त्याच्या पहिल्या सामन्याआधी ठरलेले आहे का? ते ठरलेले असेल तर सतराव्या वर्षीही त्याला उतरवता येते. ठरलेले नसेल तर तेविसाव्या वर्षीही ती घाईच आहे. नवख्याला खेळवण्याचा निर्णय हा त्याच्या अपयशाची जबाबदारी उचलण्याचा निर्णय असतो. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे.

सचिन तेंडुलकरचे उदाहरण लहान वयात संधी देण्याच्या बाजूने नेहमी दिले जाते, पण ती संधी देण्याआधी किती विचार झाला होता हे सांगितले जात नाही. मुंबईने त्याला १९८७-८८ च्या हंगामात रणजी संघात घेतले, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. त्या हंगामात त्याला एकही सामना खेळवला नाही. मोठ्या खेळाडूंच्या ड्रेसिंग रूममध्ये तो बसला, त्यांची तयारी त्याने जवळून पाहिली. पुढच्या हंगामात कर्णधार दिलीप वेंगसरकर यांनी वानखेडेच्या नेटमध्ये त्याला कपिल देवची गोलंदाजी खेळताना पाहिले आणि डिसेंबर १९८८ मध्ये गुजरातविरुद्ध त्याचे पदार्पण झाले. पंधरा वर्षांच्या त्या मुलाने नाबाद शतक केले. तो हंगाम संपेपर्यंत मुंबईकडून सर्वाधिक धावा त्याच्याच नावावर होत्या.

याच्या पुढचा भाग माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. १९८९ च्या सुरुवातीला भारतीय संघ वेस्ट इंडीजला गेला, तेव्हाही निवड समितीत त्याच्या नावाची चर्चा झाली होती. तिथल्या वेगवान माऱ्यासमोर इतक्या लवकर त्याला उभे करू नये, असे ठरले आणि त्याला मागे ठेवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाकिस्तानच्या दौऱ्यावर मात्र त्याला नेले. कराचीत पहिल्या डावात तो १५ धावांवर वकार युनूसच्या चेंडूवर बाद झाला. चार कसोटींच्या त्या मालिकेत त्याने २१५ धावा केल्या, सरासरी ३५.८३, शतक एकही नाही. पण चारही कसोटी तो खेळला. पहिल्या दोन एकदिवसीय सामन्यांत तो शून्यावर बाद झाला. कसोटीतले पहिले शतक नवव्या सामन्यात, ऑगस्ट १९९० मध्ये मँचेस्टरला आले आणि एकदिवसीय सामन्यातले पहिले शतक थेट एकोणऐंशीव्या सामन्यात, १९९४ मध्ये कोलंबोला. आधी एक हंगाम नुसते सोबत ठेवले, मग एक दौरा विचारपूर्वक टाळला, आणि एकदा उतरवल्यावर हात काढून घेतला नाही. निवड करणाऱ्यांनी तीन वेळा तीन वेगळे निर्णय घेतले आणि तिन्ही त्या त्या वेळी बरोबर ठरले. सचिनची प्रतिभा आपण घडवू शकत नाही. निर्णयांची ही शिस्त मात्र कोणत्याही राज्याच्या निवड समितीला पाळता येते.

उलट बाजूला लक्ष्मण शिवरामकृष्णन आहेत. १९८३ च्या एप्रिलमध्ये अँटिग्वात वेस्ट इंडीजविरुद्ध हा लेगस्पिनर पहिली कसोटी खेळला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी मुंबईत इंग्लंडविरुद्ध त्याने सामन्यात बारा बळी घेतले आणि देशाला नवा फिरकीपटू मिळाला असे सगळ्यांना वाटले. तो शेवटची कसोटी खेळला तेव्हा नुकताच वीस वर्षांचा झाला होता. एकूण नऊ कसोटी. ज्या वयात इतर फिरकीपटूंची सुरुवात होते, त्या वयात त्याचा कसोटीतला अध्याय संपला.

यष्टिरक्षकाच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण संघात ती जागा एकच असते. नवख्या फलंदाजाला सहाव्या क्रमांकावर सांभाळून घेता येते. यष्टीमागे उभा राहिलेला मुलगा प्रत्येक चेंडूवर सगळ्यांच्या नजरेसमोर असतो. पार्थिव पटेल २००२ मध्ये ट्रेंट ब्रिजला कसोटी खेळला, तेव्हा त्याचे वय सतरा वर्षे होते आणि एकही रणजी सामना त्याच्या नावावर नव्हता. त्या कसोटीत शेवटच्या दिवशी तासाहून अधिक वेळ खेळपट्टीवर उभे राहून त्याने सामना वाचवायला हातभार लावला. मुलात धमक होती, याबद्दल शंका नको. पण यष्टीमागच्या चुका सुधारण्यासाठी जो निवांत काळ घरच्या स्पर्धांत मिळतो, तो त्याला आधी मिळालाच नाही. २००४ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, त्याची जागा गेली. पुढे त्याने कित्येक हंगाम घरच्या क्रिकेटमध्ये घाम गाळला, आणि २००८ च्या एका कसोटीनंतर पुन्हा कसोटीत उभे राहायला त्याला २०१६ साल उजाडावे लागले.

अशीच एकुलती एक जागा अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकची असते. चेंडू आधी त्याच्या हाती येतो, कुणाकडे फेकायचा हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे, आणि तेवढ्यात समोरचे धिप्पाड खेळाडू त्याला पाडायला धावून येतात. नवख्या क्वार्टरबॅकला कधी उतरवायचे यावर तिथे दरवर्षी मोठी चर्चा होते. पॅट्रिक माहोम्स याला कॅन्सस सिटीच्या संघाने २०१७ च्या पूर्ण हंगामात अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवले आणि फक्त एक सामना खेळवला. पुढच्याच हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पेटन मॅनिंगला १९९८ मध्ये पहिल्या सामन्यापासून खेळवले. त्याचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले, संघ सोळापैकी तेरा सामने हरला. संघाने त्याला बदलले नाही आणि पुढच्या वर्षी त्याच संघाने तेरा सामने जिंकले. डेव्हिड कारचे मात्र वाईट झाले. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या नव्याकोऱ्या संघाने त्याला पहिल्या दिवसापासून उतरवले, पण त्याच्यासमोर उभी राहणारी संरक्षक फळीच कच्ची होती. त्या एका हंगामात त्याला ७६ वेळा चेंडूसकट जमिनीवर पाडले गेले. माहोम्स थांबला आणि मॅनिंग लगेच खेळला, तरी दोघेही मोठे झाले, कारण दोघांच्याही मागे संघ उभा होता. कारसमोर तो उभा नव्हता.

आता कुणी म्हणेल, मग थांबवलेलेच बरे. तसेही नाही. थांबवणे हाही एक निर्णय आहे आणि त्याचीही किंमत असते. मुंबईच्या पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले. बिशनसिंग बेदींच्या काळात डावखुऱ्या फिरकीची जागा रिकामी झाली नाही, आणि भारताकडून एकही कसोटी न खेळता मार्च २०२५ मध्ये ते गेले. अमोल मुजुमदार यांनी १९९३-९४ च्या हंगामात रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. पुढे अकरा हजारांहून अधिक प्रथम श्रेणी धावा झाल्या, पण भारताची टोपी मिळाली नाही. ज्या मुजुमदारांना ती मिळाली नाही, तेच २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघाचे प्रशिक्षक होते. त्या संघात शफाली वर्मा उपांत्य फेरीच्या तोंडावर, प्रतिका रावल जखमी झाली म्हणून आली. उपांत्य सामन्यात ती लवकर बाद झाली. अंतिम सामन्यात तिलाच पुन्हा सलामीला पाठवले आणि ८७ धावा करून आणि दोन बळी घेऊन ती सामन्याची मानकरी ठरली. एका अपयशानंतर तोच विश्वास पुन्हा दाखवायला निवडणाऱ्याला धैर्य लागते.

अजिंक्य रहाणेच्या वाट्याला दोन्ही गोष्टी आल्या. २०११ च्या अखेरीपासून तो भारतीय कसोटी संघासोबत होता, पण अंतिम अकरात जागा मिळाली ती मार्च २०१३ मध्ये दिल्लीला. इतक्या प्रतीक्षेनंतरच्या त्या कसोटीत त्याने ७ आणि १ अशा धावा केल्या. तिथेच त्याच्या नावावर फुली मारणे सोपे होते. पण त्याच वर्षाअखेर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर त्याला खेळवले गेले आणि डर्बनला त्याने नाबाद ५१ आणि ९६ धावा केल्या. ७ आणि १ ही त्याची खरी किंमत नव्हती, हे ओळखणारे कुणीतरी होते म्हणून आपल्याला पुढचा रहाणे दिसला.

पहिल्या दिवसाचे यशही तेवढेच फसवे असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला पृथ्वी शॉने अठराव्या वर्षी कसोटी पदार्पणात १३४ धावा केल्या. त्याच्या नावावर आजवर पाच कसोटी आहेत. शेवटची डिसेंबर २०२० मधली ॲडलेडची, ज्यात भारताचा एक डाव ३६ धावांत आटोपला. त्याच्या वाटचालीत दुखापत होती, बंदी होती, इतरही बरेच काही होते आणि कुणाचा वाटा किती, हे ठरवणारा मी कोण? पण फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच रायपूरच्या मैदानावर, आपल्याच संघाविरुद्ध त्याने पहिल्या दिवशी उपाहाराआधी शतक ठोकले, तेव्हा हातातले कसब कुठेच गेलेले नाही हे आपण सर्वांनी पाहिले. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला त्या कसबाइतकीच गरज असते ती त्याच्या पडत्या काळात त्याच्याशी बोलणाऱ्या माणसांची.

याच परसद्याच्या मैदानावर ३ डिसेंबर २०२५ ला पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आपले पहिले एकदिवसीय शतक केले, तेही सलामीची नेहमीची जागा सोडून चौथ्या क्रमांकावर येऊन. एकदिवसीय पदार्पणानंतर तीन वर्षांनी आलेले ते शतक होते. जखमी खेळाडू परतल्यावर न्यूझीलंडविरुद्धच्या पुढच्याच एकदिवसीय मालिकेसाठी त्याचे नाव संघात नव्हते. देशाच्या संघात पंधरा जागांसाठी पन्नास दावेदार असतात, तिथली अडचण मी समजू शकतो. राज्याच्या संघाने मात्र तसे वागू नये. देशाच्या संघाने तयार माणूस घ्यायचा असतो, राज्याच्या संघाने माणूस तयार करायचा असतो.

आपल्याला दूर बघायची गरजही नाही. नागपूर शेजारीच आहे. विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले, तेव्हा वसीम जाफरसारखा मुरलेला व्यावसायिक खेळाडू त्यांच्याकडे होता. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक होते. जाफर एका टोकाला उभा राहिला आणि दुसऱ्या टोकाला विदर्भाची पोरे मोठी झाली. पहिल्या विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात, इंदूरला, हॅट्ट्रिक घेतली ती रजनीश गुरबानीने.

२०२४-२५ मध्ये हीच गोष्ट त्यांनी पुन्हा करून दाखवली. दानिश मालेवार हा नागपूरचा मुलगा त्या हंगामात पहिल्यांदाच रणजी खेळत होता. नागपूरला केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात विदर्भाची अवस्था ३ बाद २४ झाली, तेव्हा तो खेळपट्टीवर होता आणि समोर करुण नायर होता, बाहेरून आणलेला, कसोटीत त्रिशतक केलेला फलंदाज. दोघांनी २१५ धावांची भागी केली. मालेवारने १५३ धावा केल्या आणि विदर्भ पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा विजेता ठरला. त्याच हंगामात बावीस वर्षांच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातला विक्रम केला. बाहेरून आणलेल्या खेळाडूचे काम काय, याचे इतके स्पष्ट उत्तर दुसरीकडे सापडणार नाही. त्याने स्थानिक मुलाची जागा घ्यायची नाही, त्याच्या समोरच्या टोकाला उभे राहायचे. आमच्या कारखान्यांत नव्या हेल्परला पहिल्याच दिवशी भट्टीच्या तोंडाशी एकटे उभे करत नाहीत, जुन्या माणसाच्या जोडीला देतात. व्यावसायिक खेळाडूच्या करारात हीच अपेक्षा स्पष्ट शब्दांत लिहिली गेली पाहिजे.

आपल्या राज्याची सुरुवातही अशीच झाली होती. छत्तीसगढ राज्य २००० मध्ये झाले, पण संघटनेला भारतीय क्रिकेट मंडळाचे पूर्ण सदस्यत्व मिळायला २०१६ उजाडले. तोवर इथल्या मुलांना दुसऱ्यांच्या दारावरून जावे लागत होते. भिलाईच्या राजेश चौहान यांना मध्य प्रदेशाकडून खेळावे लागले. तिथून ते भारताकडून २१ कसोटी खेळले आणि त्यातली एकही कसोटी भारत हरला नाही. २०१६-१७ मध्ये आपला पहिला रणजी संघ मैदानात उतरला तो मोहम्मद कैफच्या नेतृत्वाखाली, आणि रांचीला त्रिपुराविरुद्धचा पहिलाच सामना नऊ गडी राखून जिंकला. नव्या मुलांच्या मधोमध एक जाणता माणूस होता. ती दृष्टी आपल्याच संघाची होती, ती उसनी आणायची नाही.

शशांक सिंगही आपलाच. जन्म भिलाईचा, पण मुंबई, पुदुच्चेरी असा प्रवास करून तो छत्तीसगढच्या संघात आला. आयपीएलमध्ये दोन संघांच्या यादीत नाव असूनही त्याला सामना मिळाला नव्हता. तिसऱ्या संघाने खेळवले, पण तिथेही जम बसला नाही. २०२४ मध्ये पंजाबकडून त्याने सामने फिरवले, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. त्याच्या चिकाटीला सलाम. पण प्रत्येक मुलाचे घर बत्तिसाव्या वर्षापर्यंत वाट पाहू शकत नाही.

बीरगांवच्या घरांत हा हिशेब फार स्पष्ट असतो. मुलगा एकवीसचा झाला की घरात विचारणा सुरू होते: आयटीआय केलेस, आता मिलमध्ये लागायचे की अजून खेळत बसायचे? एका सामन्यात दोन डावांत शून्य आणि चार धावा करून तो घरी आला आणि पुढच्या संघात नाव नसले, तर तो खेळ सोडतो. शहरातल्या सुस्थितीतल्या मुलाला आई-बाप म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. आमच्याकडे पुढचे वर्ष नसते. म्हणून एका सामन्यात मुलाची पारख करण्याची पद्धत सगळ्यांना सारखी लागू होत नाही. ती गरिबाच्या मुलाला आधी गाळते आणि निवड करणाऱ्याला ते कळतही नाही, कारण गाळलेला मुलगा तक्रार करायला येत नाही, तो पाळीवर जातो.

यात पैशाचाही भाग आहे आणि तो उघडपणे बोलला पाहिजे. मंडळाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या दरांनुसार वीसपर्यंत सामने खेळलेल्या वरिष्ठ खेळाडूला दिवसाला ४०,००० रुपये मिळतात आणि राखीव खेळाडूला त्याच्या निम्मे, म्हणजे २०,०००. चार दिवसांच्या रणजी सामन्याचे राखीव खेळाडूला ८०,००० रुपये होतात. बीरगांवच्या घरात एवढी रक्कम आली तर बाप पोराला आणखी एक वर्ष खेळू देतो. म्हणजे नुसते सोबत ठेवणे हीसुद्धा गुंतवणूक आहे. सचिनला चौदाव्या वर्षी ड्रेसिंग रूममध्ये बसवून मुंबईने जे शिकवले, ते आपण एकोणिसाव्या वर्षी तरी शिकवू शकतो, आणि त्या काळात त्याचे घरही सावरू शकतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की रणजीत साखळीचे सामने मोजके असतात. एक चूक महागात पडते आणि संघ खालच्या गटात घसरण्याची भीती असते. खरे आहे. म्हणूनच मी एकाच वेळी चार नवी मुले उतरवा असे म्हणत नाही. एका सामन्यात एक, फार तर दोन, आणि त्यांच्या आजूबाजूला अनुभव. विदर्भाने अंतिम सामन्यात पहिल्याच हंगामातल्या मुलाला चौथ्या क्रमांकावर खेळवून करंडक जिंकला. नवख्यावर विश्वास ठेवणे आणि जिंकणे यांत भांडण असलेच पाहिजे असे नाही. दुसरा आक्षेप असा की जागेची हमी मिळाली की मुलगा सुस्तावतो. हमी धावांपुरती असावी, मेहनतीपुरती नसावी. तो सरावाला उशिरा आला, तंदुरुस्तीच्या चाचणीत नापास झाला, क्षेत्ररक्षणात अंग चोरू लागला तर त्याला जरूर बाहेर बसवा. चांगला चेंडू पडला आणि बॅटची कड लागली, एवढ्यासाठी बसवू नका.

म्हणून माझी विनंती अशी आहे.

ज्या नव्या मुलाला आपण या हंगामात उतरवणार असाल, त्याला किती सलग सामने देणार हा आकडा त्याच्या पदार्पणाआधी बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. माझ्या मते तो चारपेक्षा कमी नसावा, म्हणजे आठ डाव. आठ डावांत चांगल्या गोलंदाजीसमोर मुलाचे तंत्र, त्याचा धीर आणि शिकण्याचा वेग, तिन्ही दिसतात. दोन डावांत फक्त नशीब दिसते.

हा आकडा कर्णधाराला, प्रशिक्षकाला आणि त्या मुलालाही सांगा. आपल्याला आठ डाव आहेत हे ठाऊक असलेला मुलगा पहिल्या डावात ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू निश्चिंतपणे सोडतो. हे ठाऊक नसलेला मुलगा आपली जागा वाचवायला त्याच चेंडूवर बॅट फेकतो. बाद होण्याचे कारण त्याच्या तंत्रात शोधले जाते आणि ते खरे तर आपण न दिलेल्या शब्दात असते.

ज्याला थांबवायचे आहे, त्यालाही मुदत सांगा. एक हंगाम सोबत राहा, या दोन गोष्टी सुधार, पुढच्या हंगामात तुझा विचार होईल. मुदत नसलेली प्रतीक्षा शिवलकरांच्या उंचीचा माणूस सोसू शकतो, वीस वर्षांचा पोर नाही. पदार्पण शक्यतो त्याच्याच जागेवर करा. आयुष्यभर सलामीला खेळलेल्या मुलाला पहिल्या सामन्यात सातव्या क्रमांकावर पाठवून त्याची परीक्षा होत नाही. आणि ठरलेले सामने झाल्यावर त्याला वगळायची वेळ आली, तर ती बातमी त्याला मोबाईलवर आलेल्या यादीतून कळू नये. आपल्यापैकी एकाने त्याला समोर बसवून सांगावे: काय कमी पडले, कुणासोबत काम करायचे, परत कोणत्या दाराने यायचे.

मुलींच्या संघालाही हेच लागू आहे, किंबहुना जास्त. सांगलीची स्मृती मानधना नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात होती आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात. भारताकडून ती पहिल्यांदा खेळली तेव्हा सोळा वर्षांची होती. प्रत्येक पायरीवर तिला वयाने मोठ्या मुलींमध्ये घेणारे आणि तिथे टिकू देणारे कुणी ना कुणी होते. उरल्यातल्या मुलीला मैदानापर्यंत आणण्यासाठीच घरच्यांशी दोन वर्षे बोलावे लागते. ती एका सामन्यानंतर परत गेली, तर तिच्या मागच्या दहा मुलींची वाट बंद होते.

यातली कोणतीही मागणी नवीन स्टेडियमची किंवा वाढीव निधीची नाही. बैठकीतली दहा मिनिटे आणि इतिवृत्तातल्या चार ओळी पुरतात. पुढच्या हंगामाचा पहिला संघ जाहीर करताना त्यात एखादे नवे नाव असेल, तर त्या नावापुढे किती सामने, हेही आपण ठरवलेले असू द्या. ते नाव बीरगांवचे असो वा जशपूरचे, जगदलपूरचे असो वा राजनांदगावचे. आठ डावांनंतर तो मुलगा अपुरा ठरला तर आम्ही आपला निर्णय मान्य करू, त्याच्या बापालाही आम्हीच समजावू. पण ते आठ डाव त्याला द्या.

आपल्या कामाबद्दल आदर बाळगून,

बीरगांवचा एक मराठी क्रिकेटप्रेमी